बारा मिनिटं आणि एक न दिलेलं उत्तर

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदाच रेडिओवर पाहुणी म्हणून बोलले. विषय माझ्या पीएचडीचाच, म्हणजे दख्खनच्या काळ्या खडकातलं भूजल. परवा रेकॉर्डिंग हाती आलं. या ब्लॉगवर मी इतरांच्या शोधनिबंधांची चिरफाड करत असते, तर आता स्वतःच्या बारा मिनिटांचंही परीक्षण व्हायला हवं.

आधी तयारी. निवेदिकेने आठ प्रश्न अगोदर पाठवले होते. मी उत्तरं लिहून काढली आणि पाठ केली. घोडचूक तीच. पहिली तीन मिनिटं ऐकताना लगेच कळतं की बाई वाचतायत. कागदाची सळसळ माईकने टिपलीय, आणि वाक्यं अशी की क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरावा. ‘बेसाल्टमधील जलधराची विशिष्ट उत्पन्नक्षमता अल्प असते’ हे मी खरंच बोलले! वाचणारा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. तो मोटर चालू करत असतो, भाकरी थापत असतो.

मुलाखत सावरली ती चौथ्या मिनिटाला, आणि निवेदिकेमुळे. तिने विचारलं, “शंभर घागरी मावतील एवढा खडक घेतला, तर त्यातून पाणी किती निघेल?” मी पटकन म्हटलं, “साधारण एक ते तीन घागरी.” अख्ख्या मुलाखतीतलं सगळ्यात चांगलं उत्तर हे, आणि ते कागदावर नव्हतं. पुढे वरचा मुरूम, त्याखालचा मांजऱ्या, मग अखंड काळा पाषाण, त्यातल्या भेगा, हे सगळं सोपं होत गेलं. विहिरी खणणाऱ्यांनी हे शब्द केव्हाच घडवून ठेवलेत. मी उगाच ‘जलधर’ घेऊन बसले होते.

खरी गडबड नवव्या मिनिटाला. यादीत नसलेला प्रश्न आला: “मग शेतकऱ्यानं बोअर किती खोल घ्यावा?” माझं उत्तर: ते परिस्थितीनुसार बदलतं, अधिक अभ्यासाची गरज आहे, सरसकट विधान करता येणार नाही. चाळीस सेकंद. त्यात एकही वाक्य खोटं नाही आणि एकही कामाचं नाही.

रेडिओवर शास्त्र पातळ होतं, अशी आम्हा संशोधकांची नेहमीची तक्रार. इथे पातळ मीच केलं. मला जे ठामपणे माहीत होतं तेही मी ‘अधिक अभ्यासा’च्या मागे लपवलं. का? तर गाइड ऐकत असतील ही धास्ती. ऐकणारे दुसरेच होते.

प्रसारण झालं त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. “अगं, छान बोललीस. पण मी तिसरा बोअर मारू का नको, ते काही सांगितलं नाहीस.” मामांची विहीर सात परस खोल, फाल्गुनात तळ दिसतो. आधीच्या दोन बोअरमधून नुसती धूळ उडाली. तिसऱ्यासाठी उसनवारी चाललीय.

माझं उत्तर असं हवं होतं: “आपल्या खडकात खोल गेलं की पाणी वाढतंच, असं नाही. पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये असतं. खोलवर भेग लागली तरी ती पावसाने किती भरते, हा प्रश्न उरतोच, आणि कधीकधी नवा बोअर शेजारच्याच विहिरीचं पाणी ओढतो. फुटांचा आकडा मी इथे बसून देणार नाही. पण पैसे घालण्याआधी आसपासच्या विहिरींना पाणी कोणत्या थरात लागलं आणि मार्चमध्ये त्यांची पातळी कुठे असते, ते विचारून या.”

मोठ्याने वाचून बघितलं. अर्ध्या मिनिटात होतं. चाळीस सेकंद होते माझ्याकडे.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “हे तिथंच बोलायचं होतंस. गावातली चार माणसं ऐकत बसली होती.”

रविवारी गावी जातेय. मामांच्या आणि शेजारच्या विहिरींची पातळी मोजून येते. त्या चार माणसांनाही भेटेन.