‘पहिले’ या शब्दाचा मोह

विज्ञानाच्या वार्ता मराठी वाचकाच्या घरी पोचण्यास आज मुळीच विलंब लागत नाही. १९२८ साली पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले, तेव्हा नव्या शोधाची हकीकत वाचण्यासाठी महिनाभर थांबण्याची वाचकाची तयारी असे. आता यान चंद्रावर उतरते तो क्षण दादरच्या घरात बसून पाहता येतो, आणि परदेशातील एखाद्या कंपनीने रात्री केलेली घोषणा सकाळच्या वर्तमानपत्रात मराठी वेष धारण करून उभी असते. या वार्ता लिहिणारा एक नवा लेखकवर्ग आपल्याकडे निर्माण झाला आहे. त्याला यंत्रांची मनापासून आवड आहे, त्याची भाषा चटपटीत आहे, आणि ज्या विषयांपासून आपले साहित्यिक बहुधा दूरच राहिले ते तो घरोघर नेत आहे. त्याच्या या कामगिरीचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि या लेखनाचा एक दोष आता इतका रूढ झाला आहे की तो दोष म्हणून ओळखूही येईनासा झाला आहे. त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

हा दोष एका शब्दात साठविलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘पहिले’. जगातील पहिले, भारतातील पहिले, मानवी इतिहासात प्रथमच! वार्तेच्या मथळ्यात हा शब्द बसला की लेखकाला आपले काम झाले असे वाटते, आणि ते घडले कसे व ते खरे कशावरून, हे दोन प्रश्न दाराबाहेरच तिष्ठत राहतात.

ताजे उदाहरण घ्यावयाचे तर चंद्रयान-३ चे घेता येईल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘विक्रम’ चंद्रावर अलगद उतरला. त्यापूर्वी सप्टेंबर २०१९ मध्ये असाच प्रयत्न अखेरच्या टप्प्यात फसला होता. त्यामुळे या यशाची गोडी अधिक होती. असे अलगद उतरणे साधलेला भारत हा चौथा देश ठरला, आणि दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळच्या प्रदेशात उतरणारा पहिला. एवढे सत्य पुष्कळ मोठे होते. परंतु अनेक लेखण्यांना ते पुरले नाही. त्यांनी यान थेट ‘दक्षिण ध्रुवावर’ नेऊन ठेवले. वस्तुतः ते उतरले सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. ध्रुव असतो ९० अंशांवर, आणि चंद्रावर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ३० किलोमीटर. तेव्हा उतरण्याची जागा व ध्रुव यांत ६०० किलोमीटरांहून अधिक अंतर राहिले. मुंबईहून हैदराबाद सरळ रेषेत जितके दूर आहे, जवळजवळ तितके! मुंबईत उतरलेल्या पाहुण्याला हैदराबादेस पोचल्याची शाबासकी देण्यासारखा हा प्रकार झाला.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते असे की, या घाईत खरी नवलाची गोष्ट मागे पडली. ‘विक्रम’वर बसविलेल्या एका उपकरणाने आपली सळई चंद्राच्या मातीत खुपसून उष्णता मोजली. पृष्ठभागाशी तापमान ५० अंशांच्या वर असताना अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर ते शून्याखाली १० अंशांपर्यंत उतरलेले आढळले. चार बोटे खाली जाताच उन्हाळ्याचा हिवाळा व्हावा, म्हणजे ती माती उष्णतेला किती अडवीत असली पाहिजे! ध्रुवाजवळच्या ज्या खळग्यांत ऊन कधीच पोचत नाही तेथे बर्फ टिकून असावा, या शास्त्रज्ञांच्या तर्काकडे वाचकाला बोट धरून नेण्यास याहून चांगली वाट कोणती? पण ‘पहिले’ या शब्दापुढे चार बोटांची ही माती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

हा मोह आजचा नव्हे, आणि तो केवळ वर्तमानपत्रांचाही नव्हे. आपल्या गिरगावच्या चौपाटीवर त्याने एक अख्खी दंतकथा उभारली आहे. शिवकर बापूजी तळपदे या मुंबईकर गृहस्थांनी १८९५ साली चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले, ते सुमारे १५०० फूट उंच गेले, न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज यांनी ते पाहिले, आणि राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी हा पराक्रम घडला, असे सांगण्यात येते. ही कथा लेखांतून फिरली, २०१५ साली मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान परिषदेच्या वेळी तिची पुन्हा चर्चा झाली, त्याच महिन्यात तिच्यावर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपटही आला. मात्र ज्यावर इतिहासकाराला विश्वासाने बोट ठेवता येईल असा समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. विमानाचा सांगाडा कशाचा होता, त्याचे वजन किती, त्याला उचलणारी शक्ती कोठून आली, यांपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ही कथा देत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार तिला जोडला जातो, त्या ग्रंथाची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ १९०४ पूर्वीचा नव्हे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निर्णय आहे.

आता याच्या शेजारी राइट बंधूंचे उड्डाण ठेवून पाहावे. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले उड्डाण झाले ते अवघे १२ सेकंदांचे व १२० फुटांचे. १५०० फुटांच्या उंचीपुढे ही मजल किती केविलवाणी! परंतु त्या १२ सेकंदांचे छायाचित्र आहे, साक्षीदार आहेत, रोजनिशी आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९०१ साली वाऱ्याचा बोगदा बांधून पंखांच्या निरनिराळ्या आकारांवर त्यांनी घेतलेल्या प्रयोगांची टिपणे आहेत. दंतकथेत माणूस एकदम आकाशात जातो. इतिहासात तो आधी मोजमाप घेत बसतो.

या कथेने सर्वांत मोठा अन्याय केला आहे तो खुद्द तळपद्यांवर. हा माणूस जे. जे. कलाशाळेत शिकविणारा, संस्कृत ग्रंथांचा व्यासंगी, आणि उड्डाणाचे वेड डोक्यात घेतलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या एका मध्यमवर्गीय गृहस्थाने हा नाद का धरला, पैसा कोठून उभा केला, काय वाचले, कोठे अडला, हे खरोखर लिहिण्याजोगे चरित्र होते. आपण त्याला ‘पहिला’ म्हणून मोकळे झालो, आणि त्या मुकुटाखाली त्याचा चेहराच झाकला गेला.

चौपाटीपासून फार लांब न जाता गिरगावातच या शब्दाची दुसरी कसोटी घेता येते. सँडहर्स्ट रस्त्यावरील कॉरोनेशन चित्रगृहात १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला, आणि त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. पहिला भारतीय कथापट कोणता, हा वाद त्यानंतर आजतागायत चालू आहे. दिनांक पाहावा तर तोरणे पुढे आहेत. पण ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालविणारा इंग्रज होता, आणि फीत धुण्यासाठी विलायतेस गेली. फाळक्यांनी चित्रणापासून फीत धुण्यापर्यंतचे काम येथल्या माणसांकरवी येथेच करून घेतले. म्हणजे पहिला कोण, हे आपण ‘चित्रपट’ कशाला म्हणतो यावर अवलंबून राहिले. दोघांनी काय केले हे नीट सांगितले की वाद आपोआप निम्मा होतो, आणि उरलेला निम्मा निष्फळ वाटू लागतो.

फाळके यांचे नाव येथे आणखी एका कारणासाठी घेतले पाहिजे. १९१७-१८ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. यंत्राने झपाटलेल्या माणसाने मराठी मासिकातून कसे लिहावे, याचा वस्तुपाठ म्हणून आजच्या विज्ञानलेखकाने ती जरूर वाचावी. १९११ साली ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून उठलेली ऊर्मी तीत आहेच. पण ऊर्मीपाशी लेखणी थांबत नाही. विद्या मिळविण्यासाठी केलेली धडपड, विलायतेची वारी, पैशाची ओढाताण, यांतून ती वाचकाला घेऊन जाते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटविण्यासाठी फाळक्यांनी काय केले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांनी मोठमोठी आश्वासने दिली नाहीत. कुंडीत एक बी पेरले, अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले, आणि ती चित्रे पडद्यावर सलग दाखविली. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत डोळ्यांसमोर झाली. आपल्या कलेचा पुरावा आणि तिची रीत, दोन्ही त्या कुंडीत एकत्र होती. ज्या उत्साहापाशी अशी एखादी कुंडी असते, तोच उत्साह आम्ही खरा मानतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, पुराव्याचा इतका आग्रह धरला तर खऱ्या संशोधकाचाही गळा आवळला जाईल. आक्षेप पोकळ नाही. त्याचे दारुण उदाहरण आपल्यापुढे आहे, आणि त्याचा शेवट परळात झालेला आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मास आली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजननविषयक संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांचे ते फळ. भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून ती सर्वत्र गाजली. परंतु त्याच्या आठ वर्षे आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून अशीच एक मुलगी जन्मली होती. इंग्लंडातील जगातल्या पहिल्या अशा बालकाच्या जन्मास तेव्हा अवघे ७० दिवस झाले होते. मुखोपाध्यायांवर विश्वास कोणी ठेवला नाही. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, परदेशी जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही, नेत्ररोगाच्या संस्थेत त्यांची बदली झाली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्मघात केला.

१९९७ साली आनंदकुमार कलकत्त्यास गेले असता मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने तपासली, आणि भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय मुखोपाध्यायांचे आहे, असे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आपल्या सहीनिशी प्रसिद्ध केले. भ्रूण गोठवून पुढे वापरण्याची जी रीत जगात काही वर्षांनी रुळली, ती मुखोपाध्यायांनी आधीच योजिली होती, हेही त्या टिपणांवरून उजेडात आले. ज्या ‘पहिले’पणासाठी माणसे आयुष्यभर भांडतात, ते या शास्त्रज्ञाने स्वतःच्या हाताने काढून दुसऱ्याच्या, तोही हयात नसलेल्याच्या, मस्तकी ठेवले.

वरील आक्षेपाचे उत्तर या प्रसंगातच आहे. मुखोपाध्यायांचा घात पुरावा मागितल्याने झाला नाही; समोर असलेला पुरावा जाणत्या व निःपक्षपाती डोळ्यांनी वाचला न गेल्याने झाला. चौपाटीच्या कथेत लोकांनी कागद नसताना विश्वास ठेवला, आणि कलकत्त्यास कागद असताना अविश्वास दाखविला. दोन्हीकडे चूक एकच झाली: कागद पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. ते आनंदकुमारांनी घेतले, म्हणून एका मृत माणसाला न्याय मिळाला. पुरावा मागणे हा संशोधकाचा अपमान नसून त्याला देता येण्याजोगा सर्वांत मोठा मान आहे, हे आपल्या वृत्तलेखकांनी मनात बाळगावे.

सध्या या लेखनाचा बराच भाग कृत्रिम बुद्धिमत्तेने व्यापला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आल्यापासून यंत्र माणसासारखा विचार करू लागल्याच्या वार्ता वरचेवर येतात. त्यांतील पुष्कळ वाक्ये विकणाऱ्याच्या जाहिरातीचे सरळ भाषांतर असतात. येथे तर मराठी लेखकाच्या हाती आयती कुंडी आलेली आहे. त्या यंत्रासमोर त्याने मराठीतला एक अवघड उतारा ठेवावा, एखादी वऱ्हाडी किंवा मालवणी गोष्ट ठेवावी, आणि यंत्र कोठे समजले, कोठे चुकले, कोठे नाही ते बेधडक रचून सांगू लागले, याची नोंद वाचकाला द्यावी. त्यास ना प्रयोगशाळा लागते, ना परदेशचा प्रवास. अशा एका टिपणाची किंमत जगातील दहा ‘पहिल्यां’हून अधिक होईल.

ज्या घरांत हे लेखन वाचले जाते तेथे वाढत्या वयाची मुलेही ते वाचतात. विज्ञान म्हणजे शर्यत आणि वृत्तपत्र म्हणजे तिचा निकाल, एवढीच समजूत त्यांच्या मनात रुजली, तर उद्या कोणीही उठून कोणताही निकाल जाहीर करावा आणि त्यांनी टाळ्या वाजवाव्या, असे होईल. याउलट ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय त्यांना वाचनातून लागली, तर आजच्या वार्ता शिळ्या झाल्यावरही ती सवय त्यांच्या उपयोगी पडेल. पहिले कोण हे सांगणारे लेखक आपल्याकडे उदंड झाले आहेत. कसे झाले हे सांगणाऱ्यांची वाण आहे, आणि मराठी मासिकांनी आपली पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत असे आम्हांस वाटते.