हात आणि वीसपट

भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार ओळखला जातो. आमच्या सिहोऱ्यात एखाद्या घरी आजही मठारलेली जुनी घागर दिसते. तिच्यावरील प्रत्येक ठोक्यामागे हात होता, हे कुणाला सांगावे लागत नाही. गुजरातमध्ये केवडिया येथे सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यापुढे उभा राहिलो, तेव्हा मला हीच घागर आठवली. येथे हात कोठे आहे?

धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे शिल्पकार राम सुतार (१९२५-२०२५) यांनी आधी लहान व मग तीस फुटी प्रतिकृती घडविली. पुढे तिची सारी वळणे यंत्राने टिपून संगणकात आकड्यांच्या रूपाने साठविली गेली आणि त्यांवरून महाकाय आकार बेतला गेला. ब्राँझचे तुकडे चीनमध्ये ओतले गेले; काँक्रीट व पोलादाच्या सांगाड्यावर ते चढले आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले.

'यंत्राने केलेला पुतळा' हा शेरा मला मान्य नाही. तीस फुटांवरून १८२ मीटर म्हणजे जवळजवळ वीसपट. प्रतिकृतीतील भुवई एक इंच चुकली, तर वर ती वीस इंच चुकणार. संगणक गुण वाढवितो तसा दोषही वाढवितो. त्यांतील भेद त्याला उमगत नाही. पटेलांच्या मुद्रेवरील तो किंचित थकलेला, तरीही न वाकणारा भाव हातानेच आधी साधला होता, म्हणून तो इतक्या उंचीवर टिकला.

माझी तक्रार निराळी आहे. पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला तो चेहरा फारसा येतच नाही. येतात धोतराच्या चुण्या. बोटाने दाबलेली चुणी मातीत जिवंत असते, वीसपट झाली की तिची भिंत होते. खालून पुतळा कसा दिसेल हे संगणकाच्या पडद्यावर आधी पाहता येते, डोक्याचे व खांद्यांचे प्रमाण त्यानुसार बदलता येते. पण जवळच्या नजरेसाठी पृष्ठभाग नव्यानेच घडवावा लागतो. तो वाढवून मिळत नाही.

याच सुतारांनी मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावर ४५ फुटी चंबळदेवी काँक्रीटमधून छिन्नीने कोरून काढली. मध्य प्रदेश आणि राजस्थान ही तिची दोन बालके तिच्यापाशी आहेत. मी तिची केवळ छायाचित्रे पाहिली आहेत; तरी त्यांत मला घागरीवरचे ठोके ओळखू आले.