अस्सलपणाचा संकेत आणि एका गीताचे पाठभेद

एड्रियन लेंकर या अमेरिकी गायिकेच्या ‘साँग्ज’ (२०२०) या ध्वनिमुद्रिकेत गाण्यांमागे पाऊस आणि पक्षी ऐकू येतात. मॅसॅच्युसेट्समधील एका लाकडी झोपडीत, चुंबकीय फितीवर केलेल्या या मुद्रणातील अशा ध्वनींना श्रोता अस्सलपणाची साक्ष मानतो. वस्तुतः खरखरीला सत्याचे मोल देणे हा लोकसंगीताच्या मुद्रणपरंपरेने रुजवलेला संकेत होय. (त्या झोपडीचे गोडवे समीक्षकांनी जरा अधिकच गायले.)

‘व्हँपायर एम्पायर’ या गीताने मात्र हा संकेत अडचणीत आणला. लेंकरच्या ‘बिग थीफ’ या वाद्यवृंदाने २०२३ मध्ये त्याचे मुद्रित रूप आणले, तेव्हा मंचावरील आविष्कार आधीच ऐकलेल्या अनेक चाहत्यांना ते बेतीव वाटले. २०२४ च्या ‘ब्राइट फ्यूचर’मध्ये तेच गीत व्हायोलिनच्या काहीशा ओबडधोबड साथीने, घरगुती बैठकीत गायल्यासारखे येते. हा पाठ निश्चितच अधिक कसदार आहे. त्याला मूळ मात्र म्हणता येणार नाही. सर्वांत अस्सल भासणारा पाठ प्रकाशनक्रमाने सर्वांत नंतरचा आहे. लोकगीतात मौखिकतेमुळे संभवणारे पाठभेद इथे मुद्रणानंतरही थांबलेले नाहीत. त्याच ध्वनिमुद्रिकेच्या आरंभीच्या ‘रिअल हाउस’मध्ये मात्र पियानोच्या विरळ सुरांमधली शांतता क्वचित मुद्दाम राखल्यासारखी जाणवते.