हंसतांहंसतां घडलेले शब्द

विनोद आणि व्याकरण यांचें फारसें सख्य नसतें, असा आपला सर्वसाधारण समज आहे. व्याकरणकार कपाळाला आठ्या घालून बसलेला आणि विनोदकार त्याच्या पगडीला शेपूट लावून पळालेला, असेंच चित्र आपल्या मनापुढें उभें राहतें. परंतु इंग्रजी भाषेचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास चाळला असतां एक चमत्कारिक गोष्ट आढळून येते. ती भाषा सुधारावयास जे गंभीरपणें पुढें सरसावले, त्यांपैकीं बहुतेक हात हालवीत परत गेले; आणि ज्यांनीं केवळ गंमत म्हणून तिच्याशीं खेळ केला, त्यांचे कांहीं शब्द मात्र कोशांत मानानें जाऊन बसले. असें कां व्हावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

गंभीर मंडळींपासून आरंभ करूं. इंग्रजी लेखन आणि उच्चार यांची फारकत आपणांपैकीं प्रत्येकानें शाळेंत भोगलेली आहे. 'सायकॉलॉजी'च्या आरंभीं 'पी' कशाला, या प्रश्नाला मास्तरांपाशीं छडीवांचून दुसरें उत्तर नसे. हा जाच परक्यांनाच होतो असें नाहीं. अमेरिकेंत १९०६ सालीं अँड्र्यू कार्नेगी या धनाढ्य गृहस्थाच्या पैशावर एक मंडळ स्थापन झालें व त्यानें तीनशें शब्दांचीं सुटसुटीत रूपें सुचविलीं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें सरकारी छापखान्यास तीं रूपें वापरण्याचा हुकूम सोडला. 'थ्रू' हा सात अक्षरांचा शब्द चार अक्षरांत बसविला, यांत वास्तविक गैर तें काय? पण वर्तमानपत्रांनीं टवाळी आरंभिली, विधिमंडळानें विरोध केला आणि वर्ष सरतां सरतां रूझवेल्ट यांना माघार घ्यावी लागली. बर्नार्ड शॉ यांची कथा याहून करुण. १९५० सालीं ते वारले, तेव्हां निदान चाळीस अक्षरांची नवी इंग्रजी लिपि तयार व्हावी म्हणून त्यांनीं मृत्युपत्रांत पैशाची तरतूद करून ठेविली होती. प्रकरण न्यायालयांत गेलें. अखेर तडजोडीनें थोडी रक्कम मिळाली, लिपि सिद्ध झाली आणि १९६२ सालीं त्यांचें 'अँड्रोक्लीज अँड द लायन' हें नाटक तींत छापलेंही गेलें. पुढें ती लिपि कांहीं हौशी मंडळींपलीकडे पोंचली नाहीं.

या सुधारणांची खरी परीक्षा विद्वानांनीं केली नाहीं, थट्टेनें केली. १९४६ सालीं एका अमेरिकन विज्ञानकथा-मासिकांत डोल्टन एडवर्ड्स या नांवानें एक लेख आला. दर वर्षीं एकच लहानशी सुधारणा करावी, अशी त्यांतील सोज्ज्वळ सूचना. आधीं 'सी' या अक्षराचें काम 'एस्' आणि 'के' यांच्याकडे सोंपवावें. मग रिकाम्या पडलेल्या 'सी'ला 'टीएच्'च्या जागीं नेमावें. आणि असेंच पुढें. लेखक प्रत्येक सुधारणा सुचवितो आणि तेथून पुढें स्वतः पाळतोही. एकेक पायरी पाहिली तर तर्कशुद्ध. शेवटास पोंचावें तर पान ओळखूं येत नाहीं! भाषा केवळ तर्कावर चालत नाहीं, ही गोष्ट एवढ्या थोडक्यांत दुसऱ्या कोणीं दाखविल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

याच्या उलट जातीची एक थट्टा प्रसिद्ध आहे. 'लाफ्'मधील 'जीएच्', 'विमेन'मधील 'ओ' आणि 'नेशन'मधील 'टीआय्' एकत्र केले कीं 'फिश' हा शब्द होतो, अशी ती कोटी. ती शॉ यांच्या नांवावर खपते. पण ती १८५५ मध्येंच एका पत्रांत आढळते, म्हणजे शॉ यांच्या जन्माच्याही आधींची आहे. कोटी मजेची खरी, परंतु ती स्वतःचेंच खंडन करते. त्या पांच अक्षरांचा उच्चार 'फिश' असा कोणीही इंग्रज करणार नाहीं. कारण शब्दारंभींच्या 'जीएच्'चा 'फ' होत नाहीं आणि शब्दान्तींच्या 'टीआय्'चा 'श' होत नाहीं, हें तो न शिकतांच जाणतो. नियम नाहींत असें सिद्ध करावयास निघालेला विनोद नियम आहेत असें सिद्ध करून परततो.

हे न शिकवलेले नियम ज्याला पुरते उमगले होते, असा विनोदकार म्हणजे लुइस कॅरोल. खरें नांव चार्ल्स डॉज्सन. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजांत गणिताचा अध्यापक. १८७१ सालच्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या पुस्तकांत त्यानें 'जॅबरवॉकी' ही कविता घातली. तिच्यांतील नामें, विशेषणें आणि क्रियापदें यांपैकीं कितीतरी बनावट. परंतु अव्ययें, प्रत्यय आणि वाक्यरचना अस्सल इंग्रजी. म्हणून अर्थ कळत नसतांही कोणीं कोणाला मारलें, हें पोरालाही समजतें. पुढें हम्प्टी डम्प्टी या अंड्यासारख्या पात्राच्या तोंडून तो सांगतो कीं, दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटींत सामान भरावें तसे येथें एका शब्दांत दोन अर्थ भरले आहेत. त्या पेटीचें नांव 'पोर्टमँटो'. आणि आज भाषाशास्त्रज्ञही जोडशब्दांच्या या जातीला त्याच नांवानें ओळखतात. याच कवितेंतील 'चॉर्टल' हा शब्द आज कोशांत आहे. ओठांतलें खुदखुदणें आणि नाकांतलें फुरफुरणें यांच्या मीलनानें होणारें तें हंसणें घरोघरीं ऐकूं येत होतें. त्याला नांव तेवढें नव्हतें.

आतां गेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदकाराकडे वळूं. पुस्तकाच्या वेष्टणावर प्रकाशक जी अतिरंजित स्तुति छापतो, तिची टर उडविण्यासाठीं १९०७ सालीं त्यानें आपल्या पुस्तकाच्या वेष्टणावर 'मिस् बेलिंडा ब्लर्ब' नांवाची एक बाई छापली. बाई विसरली गेली, 'ब्लर्ब' राहिला. यशानें उत्साह वाढून १९१४ मध्यें त्यानें अशा शब्दांचा कोशच काढला. केवळ जागा अडविण्यापुरता जो उपस्थित असतो तो 'काउकॅट'. ज्याचें नांव ऐन वेळीं आठवत नाहीं तो 'ऊफल'. पैशावरून होणारें भांडण तें 'इग्मॉइल'. या तिन्ही वस्तु आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. तरीही हे शब्द कोशाबाहेर पडले नाहींत. माझ्या मतें येथेंच कॅरोलचें श्रेष्ठत्व दिसून येतें. बर्जेसला समाजाची नस सांपडली होती, भाषेची क्वचितच सांपडली. 'चॉर्टल' ऐकतांच कान अर्थाकडे अर्धा मार्ग आपण होऊन चालतो; 'ऊफल' ऐकून तो दारांतच उभा राहतो. 'ब्लर्ब'च्या नादांत मात्र बडबडीचा आणि बुडबुड्याचा भास आहे.

तात्पर्य, नव्या शब्दाला तीन गोष्टी हव्यात: त्याची गरज असावी, तो कानाला आपला वाटावा आणि त्यानें हुकूम न करतां नुसतें हजर व्हावें. विनोदाला ही तिसरी गोष्ट स्वभावतःच साधते. अर्थात् गंभीर शब्द जगतच नाहींत असें नव्हे. आपल्याकडे सावरकरांच्या भाषाशुद्धीची कमी का थट्टा झाली? पण 'दिनांक' आणि 'महापौर' या तीन कसोट्यांना उतरले आणि हंसणाऱ्यांच्याच तोंडीं बसले.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. मी नवा नवा प्राध्यापक असतांना खेड्यांतून आलेल्या एका विद्यार्थ्यानें निबंधांत 'प्रीपोन' असें क्रियापद लिहिलें. ठरलेलें कार्य अलीकडच्या दिवशीं आणणें, हा त्याचा अर्थ. मीं त्याखालीं तांबडी रेघ ओढली, तें वाक्य वर्गांत मोठ्यानें वाचलें, आणि वर्ग खो खो हंसला. वास्तविक 'पोस्टपोन'च्या उलट शब्दाची गरज उघड होती, घडण निर्दोष होती, आणि मुलगा कोणावर हुकूम करीत नव्हता. आज तो शब्द भारतांतील इंग्रजीचा म्हणून ऑक्सफर्डच्या कोशांत आहे. ऑक्सफर्डच्या गणित्यानें शब्द घडविला कीं ती प्रतिभा, आणि आमच्या मुलानें घडविला कीं ती चूक, हा न्याय मीं कोठून शिकलों होतों?

नव्याला हंसतांना पुष्कळदां आपली संवयच हंसत असते. मराठींतील न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनीं गेले. मला ते अजून सोडवत नाहींत, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्यासाठीं मला कोणीं वर्गांत उभें केलें नाहीं. त्या मुलाचे मात्र मीं दोन गुण कापले होते, आणि ते देणें अजून राहिलें आहे.