कृपा फुकट, मग नीट वागायचं कशासाठी? बार्कले वाचताना

माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं: पौलाच्या मते देवाची कृपा निरपेक्ष आहे. गाईडनी ‘निरपेक्ष’खाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात विचारलं, ‘कसली अपेक्षा नाही? देण्याआधीची की दिल्यानंतरची?’ मला उत्तर देता आलं नाही. धडा पुन्हा लिहायला घेतला आणि त्याच दिवसांत जॉन बार्कले यांचं ‘पॉल अँड द गिफ्ट’ (२०१५) हाती आलं. सहाशेच्या वर पानं आहेत, पण पौलावर काम करणार असाल तर ते टाळून पुढे जाता येणार नाही.

प्रश्न जुनाच आहे. देव पात्रता न बघता देत असेल, तर माणसाने सदाचाराने का वागावं? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच पौल हा आक्षेप स्वतः मांडतो: कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का? म्हणजे त्याच्या हयातीतही लोकांना ही शंका येत होतीच.

बार्कले आधी ‘कृपा’ या शब्दाची उकल करतात. देणगी ‘परिपूर्ण’ आहे असं म्हणताना लोकांच्या मनात सहा वेगवेगळ्या गोष्टी असतात: ती विपुल आहे, देणाऱ्याच्या मनात भलेपणाशिवाय काही नाही, तो घेणाऱ्याच्या आधी पुढाकार घेतो, लायकी बघत नाही, देणगी आपलं काम करतेच, आणि परत काही मागितलं जात नाही. यातली एक मान्य केली म्हणजे बाकीच्या पाच आपोआप येत नाहीत. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये दाखवलं होतं की पौलाच्या काळचा यहुदी धर्मही कृपेवरच उभा होता. बार्कले म्हणतात, बरोबर, पण कोणत्या अर्थाने? फिलोचा देव योग्य माणसाला देतो. कुमरानच्या स्तोत्रांतला देव मातीमोल माणसाला देतो. दोघेही कृपेबद्दलच बोलतायत, पण एकच गोष्ट बोलत नाहीत. (सहा अर्थांचा तक्ता करून टेबलासमोर चिकटवा, माझ्याकडे आहे.)

पौलाचा भर, बार्कलेंच्या मते, चौथ्या अर्थावर आहे, सहाव्यावर नाही. देण्याआधी कसलीही अट नाही, पण दिल्यानंतर प्रतिसादाची अपेक्षा आहे. इथे मराठी वाचकाची अडचण होते. आपल्याकडे कृपा ‘होते’ आणि उपकार ‘फेडतात’. कृपा फेडली असं कोणी म्हणत नाही. त्यामुळे ‘कृपा’ शब्द वाचला की ती एकतर्फीच असणार, हे आपण न तपासता धरून चालतो. माझ्या ‘निरपेक्ष’ची चूक तिथेच होती. ग्रीक ‘खारिस’मध्ये देणं, मिळालेली वस्तू आणि आभार हे तिन्ही बसतात. सेनेकाच्या काळात देणगी म्हणजे नातं, आणि नातं म्हटलं की परत काहीतरी जायचंच. मार्सेल मोस यांच्या देणगीवरच्या १९२५च्या निबंधाचा बार्कलेंना इथे उपयोग होतो. त्या निबंधात महाभारतातल्या दानधर्माचीही चर्चा आहे, आपल्यापैकी कोणी तो धागा उचलावा.

इथवर मला पुस्तक पटतं. माझी हरकत पुढची आहे. ‘प्रतिसादाची अपेक्षा आहे’ म्हटल्याने माणूस वागतो कसा, हे पूर्ण कळत नाही. कृतज्ञतेने? उपकाराच्या ओझ्याने? रोमकरांस ८:१२ मध्ये पौल म्हणतो की आपण ऋणी आहोत, पण देहाचे नाही. मग ऋणी कोणाचे? वाक्याचा तो अर्धा भाग तो पुरा करतच नाही, थेट आत्म्याने जगण्याकडे वळतो. सहाव्या अध्यायातही आक्षेपाला त्याचं उत्तर ‘उपकार आठवा’ असं नाही. तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात आणि आता वेगळं जीवन जगताय, असं ते उत्तर आहे. बार्कलेंना हे दिसतं, त्यावर ते सुंदर लिहितातही. पण देणगी आणि परतफेड ही चौकट दोन पक्षांची आहे, आणि नवं जीवन तिच्यात नीट मावत नाही.

दुसरं म्हणजे त्यांनी सविस्तर वाचन गलतीकरांस आणि रोमकरांस या दोनच पत्रांचं केलं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा अध्याय बाहेर राहिले, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच होती. यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी चालू आहे. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल, तरी त्यांनी भरभरून दिलं, आणि याला पौल देवाची ‘खारिस’ म्हणतो. वर्गणीलाही तोच शब्द, ख्रिस्ताने आपल्यासाठी दरिद्री होण्यालाही तोच, आणि आभारालाही तोच. हा हुकूम नाही, असंही तो बजावतो. इथे मिळालेलं देणं देणाऱ्याकडे परत जात नाही, तिसऱ्याकडे पुढे जातं. देवाकडे परत जातात ते आभार, आणि तेही यरुशलेमच्या गरिबांच्या तोंडून. पुढच्या, २०२०च्या छोट्या पुस्तकात बार्कले इतर पत्रांकडे वळले आहेत, पण मूळ चौकट २०१५चीच आहे.

माझा धडा आता करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायापासून सुरू होतो. ‘निरपेक्ष’ शब्द काढला. त्याजागी ‘लायकी न बघता दिलेली’ असं लांबलचक लिहिलंय. गाईडनी अजून त्याखाली रेघ मारलेली नाही.