'छायांची सेना' : निष्ठा, संशय आणि मातिल्दचा मृत्यू

जर्मनव्याप्त फ्रान्समधील गुप्त प्रतिकार चळवळीवर अनेक चित्रपट निघाले. त्यांत झाँ-प्येर मेलविल यांचा 'लार्मे दे झोंब्र' (१९६९), म्हणजेच 'छायांची सेना', हा वेगळा ठरतो. जोसेफ केसेल यांच्या १९४३ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. मेलविल स्वतः या चळवळीत होते. 'मेलविल' हे नावदेखील मूळचे नव्हे, तर त्या काळात धारण केलेले होय.

पूल उडविणे, आगगाडी घसरविणे यांपैकी काहीही येथे पडद्यावर घडत नाही. पात्रांचा काळ निरोप पोहोचविण्यात, वाट पाहण्यात आणि पकडलेल्या सहकाऱ्यास सोडविण्याच्या धडपडीत जातो. चित्रपटाचे नैतिक केंद्र मात्र दोन हत्यांत आहे, आणि त्या दोन्ही स्वकीयांच्या आहेत.

पहिली हत्या मार्सेय येथील. फितूर झालेल्या तरुण दूनाला मारण्यासाठी भाड्याने घेतलेल्या घराशेजारी ऐनवेळी बिऱ्हाड आलेले असते. त्यामुळे पिस्तूल वापरता येत नाही. शेवटी स्वयंपाकघरातील टॉवेलने त्याचा गळा आवळला जातो. मारणाऱ्यांपैकी कोणीही यापूर्वी असे कृत्य केलेले नाही. मेलविल या प्रसंगाला संगीताचा वा भाषणाचा आधार देत नाहीत, हे विशेष.

दुसरी हत्या मातिल्दची (सिमोन सिन्योरे). गटातील सर्वांत कुशल अशी ही स्त्री. मुलीचे छायाचित्र जवळ न बाळगण्याची जेर्बिएची सूचना ती पाळत नाही आणि त्याच छायाचित्रामुळे जर्मनांच्या हाती तिचे मर्म लागते. तिची सुटका होताच गटप्रमुख ल्यूक जार्दी युक्तिवाद करतो, की आपण तिला मारावे अशी तिचीच इच्छा असावी. हा युक्तिवाद उदात्त आहे तितकाच सोयीचाही आहे. जार्दीलाही त्याची खात्री नसते, हे चित्रपट लपवीत नाही. गोळ्या झाडल्या जाण्यापूर्वी मातिल्द मोटारीकडे पाहते. त्या दृष्टीत संमती वाचावी की भय, याचा निर्णय सिन्योरे यांचा अभिनय होऊ देत नाही.

मे १९६८ च्या उठावानंतरच्या वातावरणात काही फ्रेंच समीक्षकांनी या चित्रपटास द गॉलवादी ठरवून मोडीत काढले. (लंडनमधील पदकप्रदानाच्या प्रसंगी द गॉल पडद्यावर दिसतात, एवढे निमित्त त्यांना पुरले असावे.) अमेरिकेत तर तो २००६ साली प्रथम प्रदर्शित झाला. गौरवगाथा म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून मार्सेयचा टॉवेल कसा निसटला, हे समजणे कठीण आहे.

अखेरीस मोटारीतील चौघांचे भवितव्य अक्षरांत येते. छळाखाली जार्दीने एकच नाव सांगितले, ते स्वतःचे. जेर्बिएने १३ फेब्रुवारी १९४४ रोजी गोळ्यांपुढे न धावण्याचे ठरविले. मातिल्दच्या नावाची ओळ मात्र त्यांत नाही. तिला तारीख नाही. आहे तो केवळ रस्त्यावर पडलेला देह.