शिलोहाचा बुरूज आणि किल्लारीच्या भिंती

जुन्या जालन्यात कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या आम्हां मंडळींना दुष्काळ नवा नाही. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी रोजगाराच्या कामांवर खडी फोडून काढला. २०१२-१३ साली याच जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. अशा प्रत्येक वेळी मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या माणसांत एक उद्गार हमखास ऐकू येतो : लोकांची पापे वाढली, मग पाऊस कसा पडणार? असे म्हणणारा स्वतःची पापे क्वचितच मोजत असतो. पावसासाठी जपमाळ करणे निराळे. त्याला आमची मुळीच हरकत नाही. परंतु आपत्तीकडे बोट दाखवून मृतांना अपराधी ठरविणे हा विचार ख्रिस्ती आहे काय, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

आमच्या मराठवाड्याला हा प्रश्न सर्वांत कठोरपणे विचारला तो किल्लारीने. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे दगावली. ती दगावली मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे मणामणांचे ओझे, हे सारे झोपलेल्यांच्या अंगावर आले. कुडाच्या, गवती छपराच्या झोपडीतला मजूर पुष्कळ ठिकाणी वाचला. चिरेबंदी वाड्यातले कुटुंब गाडले गेले. हा जर पापाचा न्याय म्हणावा, तर पाप भिंतीच्या जाडीवरून मोजले गेले असे म्हणावे लागेल. पाळण्यातल्या मुलांचा हिशेब तर कोणालाच लावता येणार नाही. शिवाय १९९२ च्या उत्तरार्धात त्या परिसराला वारंवार हादरे बसले होते. त्या वेळी घरांचे काय करावे हे किती जणांनी विचारले, याची चौकशी पापांच्या चौकशीपेक्षा अधिक उपयोगी ठरली असती.

मराठीत 'आस्मानी' आणि 'सुलतानी' असे दोन शब्द जोडीने येतात. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी नेमकी हीच जोडी आहे, याकडे आमच्या प्रवचनांतून फारसे लक्ष वेधले जात नाही. पिलाताने काही गालीलकरांची यज्ञाच्या वेळीच हत्या केली, ही सुलतानी. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, ही आस्मानी. निदान ऐकणाऱ्यांना ती तशी वाटली असावी. (बुरूजही अखेर माणसांनीच बांधलेला असतो, हे किल्लारीनंतर आम्हांला अधिक जाणवते.) हे मेलेले लोक इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभू येशू स्वतःच उपस्थित करतो आणि दोन्ही वेळा स्पष्ट नकार देतो. जन्मांधाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला तेव्हाही त्याचे उत्तर नकाराचेच आहे.

मात्र प्रभू तेवढ्यावर थांबत नाही. पश्चात्ताप न कराल तर तुमचाही तसाच नाश होईल, असे तो ऐकणाऱ्यांना बजावतो. अडचण येथेच आहे. दिलासा देणारे पुष्कळ लेखन हे वाक्य गाळून पुढे जाते. आम्हांला वाटते, प्रभू येथे बोट वळवितो. मेलेल्यांवर रोखलेले बोट तो जिवंतांकडे फिरवितो. संदेष्टा आमोस याचे बोलणेही याच जातीचे. अवर्षण, टोळ, रोगराई यांचा तो स्पष्ट उल्लेख करतो. पण त्याचा रोख जोड्यांच्या किमतीला गरिबाला विकणाऱ्या सुखवस्तू लोकांवर आहे. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच ओळीत म्हटले आहे की हे दर्शन त्याला भूकंपाच्या दोन वर्षे आधी झाले. मलब्यावर उभे राहून शोकग्रस्तांना सुनावणे आणि आधी सावध करणे, यांत मोठे अंतर आहे.

थोर माणसांकडूनही या बाबतीत चूक होते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधील भूकंपाचे कारण महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापात शोधले. अस्पृश्यतेचा मनापासून धिक्कार करणाऱ्या रवींद्रनाथांनी त्यास जाहीर हरकत घेतली, आणि गांधींनी ती आपल्या 'हरिजन'मध्ये छापली, हे त्यांच्या मनाचे मोठेपण. तरीही युक्तिवादात आम्ही रवींद्रनाथांच्या बाजूचे आहोत. त्या भूकंपात ज्यांच्यावर अन्याय झाला तेही मेले. ज्या दंडाने पीडितालाच गाठावे त्याला न्याय कसे म्हणावे?

ईयोबाच्या मित्रांचेही असेच झाले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोपर्यंत ते मित्र होते. बोलू लागले आणि फिर्यादी झाले. शेवटी परमेश्वर त्यांच्यावर रागावतो, ईयोबावर नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या आपल्या प्रेषितीय पत्रात ईयोबाचे दुःख हे निरपराध्याचे दुःख आहे, हे स्पष्टपणे मांडले. तरीही आमच्या आवारातील संभाषणांवर त्याचा परिणाम झाल्याचे दिसत नाही.

दुष्काळाच्या काळात आईवडील व बहीण गमावलेल्या पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, त्या निराधार मुलींना आणण्यासाठी. जालन्यात नागरिकांनी वर्गणी काढून घाणेवाडीच्या तलावातील गाळ उपसला. लूकच्या त्याच अध्यायात, बुरुजाच्या लगेच पुढे, फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. मालक झाड तोडायला सांगतो आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, भोवती खणायला आणि खत घालायला. ते वर्ष संपल्यावर झाडाचे काय झाले, हे लूक सांगत नाही.